घरटी एक हात

“सर, तिकडे मत द्यायला सगळे बाप्येच होते ना? मग बायकांनाही मत द्यायचं म्हटल्यावर ते ‘हो’ म्हणालेच कसे?”

वर्गात खसखस पिकली. बाकावर शेजारी बसणाऱ्या मृणालीने पैज लावली होती, विचारलंस तर बर्फाचा गोळा माझ्याकडून. भाविकाने विचारलं! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’सुद्धा पुटपुटणारी ही पोरगी. पण देवळापुढच्या मैदानात ‘कबड्डी, कबड्डी’ करत चढाईला जायला लागली आणि तिचा आवाज जो सुटला, तो सुटलाच.

देवव्रत सरांनी फळ्यावरच्या ‘१९७१, स्वित्झर्लंड’खाली खडू टेकवला. “हो, सगळे पुरुषच. आणि गंमत म्हणजे, त्याच्या बारा वर्षं आधी तिथल्या पुरुषांनी याच प्रश्नाला चक्क ‘नाही’ म्हटलं होतं. मधल्या काळात घराघरांत काय बोलणं झालं असेल, ते काही पुस्तकात नाही. आजही तिथल्या काही भागांत लोक चौकात जमतात आणि हात वर करून मत देतात.”

“आमच्या गावकीसारखं!” भाविका म्हणाली, आणि तिला एकदम आठवलं.

गावकीची बैठक आजच होती. शनिवार-रविवारी किहीमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या आता शेजारच्या भाविकाच्या गावातही मावेनाशा झाल्या होत्या. कबड्डीचं मैदान पार्किंगला द्यायचं की नाही, ते आज संध्याकाळी देवळात ठरणार होतं. घरटी एक हात, हा गावकीचा नियम. भाविकाचे बाबा ट्रक घेऊन कायम बाहेर, म्हणून त्यांच्या घरचा हात हितेशकाका वर करायचे. उजवा स्वतःचा, डावा भावाचा. आणि काकांची वडापावची गाडी नेमकी मैदानाच्या तोंडावर. पार्किंग झालं की त्यांची चांदी.

गोळा राहिला बाजूला. शाळा सुटल्या सुटल्या भाविका घरी पळाली. बाबा ट्रकची चावी बोटात फिरवत निघायच्या बेतात होते. आई परातीत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

“बाबा, आज थांबा ना! गावकी आहे.”

“कसा थांबू? माल भरलाय. हितेश हाय ना.”

“काका दोन्ही हात पार्किंगलाच वर करतील!”

“मंग मी काय करू? दुसरा बाप्या हाय का या घरात?”

“मैदान गेलं तर पोरी खेलतील कुठं?” आई म्हणाली. बाबांना नाही, भाविकालाही नाही. परातीतल्या भाकरीला.

चावी फिरायची थांबली. बाबा आईकडे बघत राहिले.

“ह्ये तू कवा बोलली न्हायस.”

“तुमी कवा इचारलंत?”

आईने पुढचा उंडा परातीत घेतला. नुसती भाकरीवर हाताची थापथाप. भाविकाने चढाईला जाताना घ्यायची तसा छातीभर श्वास घेतला.

“बाबा, काकांना फोन करा. म्हणावं, आज एकच हात वर करायचा. आपल्या घरचा हात भाकऱ्या थापतोय. तो धुऊन झाला की मी देवळात घेऊन जाणार आहे.”