पडद्यावरची पंगत

खरं सांगतो, आधी मला त्या पडद्याचा रागच आला.

आमच्या इंजिनिअर ऋजुता मॅडमनी अख्खा कारखाना कॉम्प्युटरवर चालवून दाखवला. हिरवे ठिपके म्हणजे आम्ही कामगार, लाल चौकोन म्हणजे ट्रॅक्टरचे सुटे भाग. दुपारी ठिपके एका गोलात जेवायला बसले, रंग भाजायची भट्टी रिकामी पडली आणि तिच्यापुढे लाल ढीग साचला.

"भोईटे काका, उशीर इथे होतोय. अर्ध्यांनी आधी जेवायचं, अर्ध्यांनी नंतर. नाहीतर ट्रॅक्टर कंपनी काम काढून घेईल."

"काम टिकायलाच हवं. पण आमच्यात डबे एकदमच उघडतात. कुणाची बायको माहेरी गेली, तर तो डबा न आणता येतो आणि पोटभर जेवून उठतो. गोल मोडला तर त्याला कोण विचारणार?"

मग मॅडमनी जेवण होतं तसंच ठेवलं आणि भट्टीचा क्रम बदलला. भाजायला सगळ्यात जास्त वेळ घेणारे जाड भाग जेवणाच्या तोंडावर आत गेले. ठिपके जेवून परतले तेव्हा माल तयार होता. पडद्यावर संध्याकाळ झाली, तेव्हा ढीग उरलाच नव्हता.

"आता कसं!" मी पडद्यावर वाकलो. "पण या गोलात तुम्ही कुठे दिसत नाही."

"मी केबिनमध्ये जेवते ना, काका."

"एकट्याच?"

त्यांनी गोलात एक ठिपका वाढवला आणि कारखाना पुन्हा चालवला. कुठेच काही अडलं नाही.