दहापैकी चार

"चार," बाबांनी सांगितलं आणि बंदूक टेबलावर आडवी ठेवली.

फॉर्मवर तिने चार लिहिलं. अकराव्या स्प्रिंगलाही दहापैकी चारच. पहिलीला चार मिळाले तेव्हा ते रास्त होते. ती बंदूक गाढवासारखी लाथ मारायची.

बाबा म्हणजे तिचे सासरे. घरात सासरे आणि कारखान्यात तीस वर्षं चाचणीचे नेमबाज. यंत्रं काहीही सांगोत, फॉर्मच्या शेवटच्या चौकटीत त्यांच्या खांद्याने दिलेले गुण लागत, आणि सातच्या खालची बंदूक पुढे जात नसे. नियम जुना होता. साहेबांचा लाडका होता.

कामच मुळात अडचणीचं होतं. सलग काडतुसं झाडणारी शॉटगन, तीही तीन किलोंच्या आत. हलकी बंदूक जास्त लाथ मारते, हे शाळेत शिकवतात. त्यात ग्राहकाच्या कागदावर लिहिलं होतं की चालवणाऱ्याचं वजन अठ्ठावीस किलो धरावं आणि तो जागचा हलता कामा नये. पहिल्याच बैठकीत तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. साहेबांनी समजावलं, दहा टनांचा ट्रक जाणार असला तरी पूल तीस टनांचा बांधतात, तसंच हे. तिला ते पटलं. वहीत आकड्यासमोर तिने 'सुरक्षेसाठी जादा सूट' असं लिहून ठेवलं.

उपाय तिने चार महिन्यांपूर्वी शोधलाही होता. आतल्या बोल्टला तिने मागे जायला लांब वाट दिली. काडतूस फुटलं की तो मागे सुटायचा, लांब स्प्रिंग त्याला सावकाश थोपवायची, आणि मागची भिंत गाठायच्या आधीच तो परत फिरायचा. धडक नाही, म्हणून ठोसा नाही. राहतं ते फक्त ढकलणं. खांद्याच्या जागी बसवलेला मापक सांगत होता की जोर पाचपटीने उतरलाय. बाबांचा खांदा मात्र ढिम्म होता.

शुक्रवारपर्यंत सात गुण मिळाले नाहीत तर प्रकल्प बंद, आणि तिची रवानगी पंपांच्या विभागात. तीन वर्षं अक्षरशः पाण्यात जाणार, असा विनोद तिच्या टेबलाभोवती फिरतही होता.

बुधवारी घरी जेवताना तिने विषय काढला. नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. बापाच्या आणि बायकोच्या मध्ये उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून छर्रे लागतात, हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

"बाबा, खरं सांगा. लाथ नेमकी कुठे बसते?"

"बसते."

"मापकात तर काहीच दिसत नाही."

"बंदुकीने लाथ मारलीच पाहिजे, सूनबाई. मारणाऱ्याला थोडं तरी लागायला हवं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि पंपांचं काम वाईट नसतं."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. या विभागात त्यांच्या मुलाला नाकारून सुनेला घेतलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी ते सलत असणार. ती ताट तसंच टाकून उठली.

गुरुवारी तिने टेबलावर दोन बंदुका मांडल्या. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी. एकीच्या पोटात तीन वर्षांपूर्वीची जुनी रचना होती, दुसरीत बारावी स्प्रिंग. कोणती कोणती हे बाबांना सांगितलं नाही. काचेमागे साहेबांना बसवलं.

पहिल्या बंदुकीने त्यांना अर्धं पाऊल मागे रेटलं. त्यांनी नकळत खांदा चोळला आणि चार म्हणाले. दुसरीने आठ काडतुसं झाडली, तरी नळी लक्ष्यावरून ढळली नाही. बाबांनी ती अलगद टेबलावर ठेवली.

"चार," ते म्हणाले.

खांदा बधिर झाला असेल, असं साहेबांना वाटलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून तपासलं आणि हा खांदा माझ्यापेक्षा तल्लख आहे, असं लिहून दिलं. मग उरलं एकच. माणूस खोटं बोलत होता, तेही आपल्याच सुनेच्या कामाबद्दल. साहेबांनी त्याच दुपारी त्यांना घरी पाठवलं. त्या चौकटीची अटही काढली. ग्राहक शुक्रवारी स्वतःचे नेमबाज घेऊन येईल, त्यांनी पसंत केली की झालं, असं ठरलं.

बाबांनी ओळखपत्र तिच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाद घातला नाही.

"दहापैकी दहा आहे तुझी बंदूक," ते म्हणाले. "ही नवी रचना पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच कळलं होतं. ग्राहकाचा कागद मीही वाचला होता. हे काम कुणाला जमणार नाही, असं धरून चाललो होतो मी."

तिला त्यात कौतुक सापडेना. हेच आधी सांगितलं असतं तर तिचे चार महिने वाचले असते. ती त्यांना दारापर्यंत सोडायलाही गेली नाही.

शुक्रवारी ती लवकर आली. बारावी स्प्रिंग तिने स्वतः तपासली, बंदूक पुसली, काडतुसं ओळीने लावली. बऱ्याच दिवसांनी तिला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. दहा वाजता बंद गाडी मैदानात शिरली. ग्राहकाच्या माणसाने उतरून साहेबांशी हात मिळवला आणि मागचं दार उघडलं.

पहिला नेमबाज उडी मारून उतरला, तिच्या हातातल्या बंदुकीकडे बघून हसला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. नवे अजून अर्धेच आले होते.