रबराचं प्रकरण

झालं! पुन्हा त्याच वाक्याला तिचा आवाज भरून आला.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात वर केला. "ताई, पाणी प्या. परत घेऊ."

आफ्रिकेवरचं जाडजूड पुस्तक. ऐकायच्या पुस्तकांसाठी ती ते वाचून देत होती. राजे, तह, जहाजं, सगळं घडाघडा वाचलं. रबराच्या प्रकरणाशी मात्र गाडी अडली. गावाने रबर कमी दिलं की गोऱ्या साहेबाचे शिपाई यायचे आणि माणसांचे हात तोडून न्यायचे. लेकरांचेसुद्धा. टोपल्या भरून साहेबापुढे मांडायचे. मेल्यांना घरी पोरंबाळं नव्हती की काय!

"हे असंच राहू दे," ती म्हणाली. "इथे आवाज भरून येणारच."

रेकॉर्डिस्टने मॅनेजरला बोलावलं. त्याने कानाला हेडफोन लावून ऐकलं. "लोक गाडी चालवताना ऐकतात हो, भांडी घासताना ऐकतात. त्यांच्या जिवाला कशाला घोर? जरा गोड वाचा."

"तोडलेले हात गोड कसे वाचू?"

"नसेल जमत तर दुसरी कुणी वाचेल."

दुसरी तर ते पाण्यासारखं वाचून मोकळी होईल, याचाच तिने धसका घेतला. "वाचते," ती म्हणाली. "पण त्या टोपल्यांनंतर मी थांबणार. तेवढी शांतता ठेवा. बाकी काही मागत नाही."

"ठेवू की! त्यात काय एवढं?"

तिने आवाज दाबून वाचलं. टोपल्यांपाशी थांबली. बराच वेळ. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनेही मान खाली घातली होती.

पुस्तक तयार होऊन आलं त्या दुपारी तिने तेच प्रकरण सासऱ्यांच्या उशाशी मोबाइलवर लावलं. झोपेशी त्यांचं कधीचं वाकडं होतं; निदान वेळ तरी जाईल. तिला स्वतःलाही ऐकायचं होतं. शिपाई आले, हात आले, टोपल्या आल्या. तिने श्वास रोखला.

"त्याच वर्षी नव्या रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं," तिचाच आवाज लगेच पुढे म्हणाला.

कापली! श्वास कापतात, खाकरणं कापतात, तशी ती शांतताही कापून टाकली होती. तिने फटकन मोबाइल बंद केला.

सासरे दचकून जागे झाले.

"बंद का केलंस गं? राहू दे चालू. किती दिवसांनी डोळा लागला होता."