शेवटची वायर

मालकीणबाईंनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं होतं. समोर खरमाट्यांच्या निलंबनाचं पत्र होतं आणि मॅनेजर सांगत होता, "टेंडरचे दर बाहेर फोडणारा हाच, बाई." अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेले खरमाटे मान खाली घालून उभे होते.

"पाच मिनिटं थांबा बाई, पाणी कुठं मुरतंय ते दाखवते," उज्ज्वला म्हणाली. ऑफिसचं नेटवर्क तीच सांभाळायची. आपसातल्या निरोपांसाठी बसवलेल्या चॅटमधलं काही इमारतीबाहेर जायचं कारणच नव्हतं, तरी सकाळपासून त्यातून कुठल्याशा परक्या पत्त्यावर डेटा वाहत होता. तो नेमका कुणाच्या कॉम्प्युटरवरून जातोय, हे नोंदीत कळेना. म्हणून तिनं लॅपटॉप मेन लाइनला जोडून स्टुलावर ठेवला आणि भिंतीवरच्या पेटीतल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरच्या वायरी एकेक करून काढायला घेतल्या.

पहिली खरमाट्यांची. स्क्रीनवरचा, बाहेर जाणाऱ्या डेटाचा आकडा पळतच राहिला. खरमाट्यांनी मान वर केली. मग स्टोअर, खरेदी, रिसेप्शन, अगदी बाईंचीसुद्धा. आकडा थांबायचं नाव घेईना.

पेटीत एकच वायर उरली.

"ती माझ्या केबिनची," मॅनेजर घाईघाईनं पुढं आला. "ती राहू दे, महत्त्वाचं काम चाललंय."

"दिसतंय की," म्हणत उज्ज्वलानं ती उपटली. आकडा शून्यावर येऊन बसला.

मग ती बाईंकडं वळली. "करा सही, बाई. पत्र चांगलंच लिहिलंय, नाव तेवढं बदला."