विकणाऱ्याची फेरी

घोड्याच्या पोटाखाली सूज चढली होती आणि हृदयाचे ठोके अडखळत होते. "सूज तेवढी उतरवा डॉक्टरबाई, रविवारी गिऱ्हाईक येतंय. बाकी झाकली मूठ," घोड्यांचा व्यापारी म्हणाला.

मुक्या जनावराचा काय दोष? अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं इंजेक्शन आणि हृदयाच्या गोळ्या मी सुरू केल्या. पण व्यापाऱ्याला बजावलं, "वरून तुकतुकीत दिसेल, तरी हृदय दुबळंच राहणार. पाठीवर कुणी बसलं तर हा पळता पळता कोसळेल आणि वरच्यालाही घेऊन जाईल."

"मला थोडंच बसायचंय?" तो हसला.

रविवारी सूज उतरलेली होती. गिऱ्हाईक आलं आणि सोबत घोडा पारखायला कुबडी टेकत एक माणूस आला. त्याने घोड्याकडे धड पाहिलंही नाही.

"बाजाराची रीत आहे, शेठ. विकणाऱ्याने आधी स्वतः बसून एक फेरी मारून दाखवायची. चढा."

चार लोक बघत होते. शेठचं तोंड पांढरंफटक पडलं. काहीतरी सांगून सोडवा, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.



मी पुढे होऊन त्याला पाय ठेवायला रिकीब धरली. "बसा ना. मागच्या वेळी तुमच्याकडून घोडा घेताना माझ्या दादाने तुमच्यावर भरवसा ठेवून ही फेरी मागितली नाही, म्हणून तर आज त्याच्या काखेत कुबडी आहे."