राजाभाऊंची पहिली भाकरी

राजाभाऊंनी थापलेली दुसरी टॉर्टिया तव्यावर टम्म फुगली आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पहिली तव्यावर टाकता टाकताच तुटली होती. मेक्सिकन शेफबाईंनी बजावलं होतं, दाबायचं यंत्र आज कपाटात, सगळ्यांनी हातानेच थापायचं. मक्याचं पीठ, कोमट पाणी, चिमूटभर मीठ. क्रूझ जहाजाच्या त्या स्वयंपाकघरात दहा टेबलं होती, प्रत्येकावर एक छोटा तवा. काचेबाहेर दोह्याचं बंदर हळूहळू मागे सरकत होतं. ईराने स्वयंपाकाच्या या क्लासला एकटीचंच नाव घातलं होतं. नवरा मुलाला घेऊन पोहायला गेला, तेव्हा "मी केबिनमध्ये बसून काय करू?" म्हणत तिचे वडील राजाभाऊही तिच्या मागोमाग आले. बहात्तराव्या वर्षी त्यांच्या अंगाला पहिल्यांदा ॲप्रन लागला, आणि त्याची गाठही तिनेच मारून दिली.

"अंकल, माशाल्ला!" शेजारच्या टेबलावरची कनीज म्हणाली. ती दोह्याजवळच्या मेसईदहून आली होती, तासाभरापूर्वीच ओळख झालेली. "हमारे साहब तो पानी भी उठकर नहीं पीते।"

राजाभाऊ खुलले. शेफबाईंनी एक रुंद काठाची टोपी आणून त्यांच्या डोक्यावर ठेवली. जहाजाच्या फोटोग्राफरने त्यांना टॉर्टिया हातात धरायला लावून फोटो काढला.

"ईरा, व्हिडिओ घेतलास ना? नाशिकच्या ग्रुपवर टाक. तुझ्या मामालाही पाठव." त्यांनी टॉर्टियाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "अगं, ही तर आपली भाकरीच की! आणि एवढंच असतं होय? उगीच बायका बाऊ करतात."

ईराचा फोन धरलेला हात खाली आला.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. शेवटची सहा वर्षं तिची बोटं संधिवाताने वाकली होती. ती सरळ व्हायची नाहीत, म्हणून ती तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने भाकरी थापायची. ईराने दोह्याहून फोन करून दोनदा स्वयंपाकाला बाई लावून दिली. दोन्ही वेळा राजाभाऊंनी ताट बाजूला सारलं. परक्या हातची भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणाले. व्हिडिओ कॉलवर आई हात नेहमी पदराखाली ठेवायची.

"अजून एक करा," ईरा म्हणाली.

"झाली की. आता त्या बाई चटणी शिकवतायत."

"चटणी मी बघते. तुम्ही करा."

तिने आपल्या वाटणीचं मळलेलं पीठही त्यांच्यासमोर आणून ठेवलं. राजाभाऊंना गंमत वाटली. त्यांनी तिसरी केली, चौथी केली. चौथीला टाळ्या पडल्या नाहीत. वर्ग टोमॅटो चिरत होता. पाचवी उलटताना त्यांचं बोट तव्याला टेकलं, ते कळवळले.

"पाण्यात बुडवा बोट आणि सहावी घ्या."

"ईरा, पुरे. लोक बघतायत."

"बघू देत. मघाशी टाळ्या वाजवत होते, तेव्हा बघितलेलं चाललं ना?" आवाज चढतोय हे तिला कळत होतं, पण तो खाली आणायची तिला अजिबात इच्छा नव्हती. "आईला कोणी वाजवल्या टाळ्या, बाबा? सकाळी सहा, संध्याकाळी सहा. वाकड्या बोटांनी. तुम्ही पाटावरून उठायचाही त्रास घेतला नाहीत कधी. बसल्या जागेवरून हाक, 'गरम आण!' आणि एवढंच असतं म्हणे!"

मराठी तिथे कोणालाच येत नव्हतं, पण राग सगळ्यांना कळला. कनीजने मान खाली घालून कोथिंबीर निवडायला घेतली. शेफबाई दोन पावलं पुढे आल्या, ईराचा चेहरा पाहून तशाच मागे फिरल्या.

राजाभाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. सहावी थापायला घेतली. काठ चिरत होते. ते चिरलेले काठ ओल्या बोटाने सांधत, तिच्याकडे न बघता ते म्हणाले,

"एकदा सांगितलं होतं तिनं. तिच्या शेवटच्या दिवाळीच्या तोंडावर. म्हणाली, आज तुम्ही करा, माझ्याच्यानं होत नाही. मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसलो."

"मग?"

"मग तीही हसली."

ईराने टेबलाची कड धरली. आईने हे तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"आणि त्या दिवशी काय जेवलात?"

राजाभाऊंनी टॉर्टिया तव्यावर टाकली. ती एका बाजूने दुमडली गेली. ती सरळ करायचं त्यांना सुचलं नाही.

"भाकरी," ते म्हणाले. "तिनंच केली. गरमगरम वाढली."

दुमडलेली बाजू करपायला लागली, धूर झाला. ईराने ती उचलून बाजूला टाकली, पिठाचा आणखी एक गोळा तोडला आणि त्यांच्यासमोर ठेवला.