कोरा उत्तररंग

ब्रेल प्रिंटरने खडखडत पूर्वरंगाचं शेवटचं पान बाहेर टाकलं. कुसाबाईंनी ते चटकन बोटांखाली धरलं.

"अक्षर न् अक्षर आलंय गं, शुभांगी!"

कुसाबाई दृष्टिहीन, पण कीर्तनाला उभ्या राहिल्या की मंडप डोलायचा. गेल्या खेपेला मात्र त्या ओवी विसरून मधेच थांबल्या होत्या. आज साडेपाचला पंचवटीत नवं आख्यान लावायचं होतं, आणि आख्यानाचा सगळा उत्तररंग अजून छापायचा होता.

तेवढ्यात दारात हिरामण गुरुजी उभे. घोटीच्या अंध मुलांच्या वसतिगृहाचा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एसटीने आणलेला.

"मॅडम, काल तुम्ही ते नवं काय पाठवलं, तवापासून आमचं यंत्र मुकं झालंय. उद्या पोरांची परीक्षा हाय. पेपर छापू कशावर?"

दोन्हीकडच्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरला हुकूम देणारे प्रोग्राम, शुभांगीच लिहायची. प्रिंटरची वायर जिथे लागते त्या सिरियल पोर्टची चिप कुसाबाईंच्या कॉम्प्युटरात नवी होती. ती एकेक बाइट घेईचना. चार एकदम दिले तरच घ्यायची. म्हणून शुभांगीने ड्रायव्हर बदलला आणि उत्साहाच्या भरात घोटीलाही धाडला. घोटीची चिप जुनी. तिथे एकेका बाइटचे रजिस्टर, म्हणजे खण, एकाला एक चिकटून. एकात चार ओतले की शेजारच्या तिघांचं पुसलं जाणार. एवढं साधं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"दोन्हीकडे चालेल असं करते, गुरुजी. पण तपासायला प्रिंटर लागेल," ती अडखळली. "तो हा एवढाच. तुमचा घोटीलाच राहिला."

"मग काढ की वायर," कुसाबाई म्हणाल्या.

"मावशी, तुमचं आख्यान…"

"मी काळी चारमध्ये गाते, म्हणून घोटीच्या पोरांनीही काळी चारच धरायची होय? माझा पेटीवालासुद्धा आधी पट्टी विचारतो. तू विचारलीस?" त्या हसल्या आणि कोऱ्या कागदांची चळत त्यांनी पूर्वरंगाखाली सरकवली. "मोकळ्या हातांनी उभी राहिले तर पेटीवाला घाबरेल बिचारा."

कुसाबाई ती चळत घेऊन पंचवटीला निघाल्या आणि शुभांगीने वायर काढली. आता ड्रायव्हरने आधी बघायचं, यंत्र किती बाइट एकदम घेतं. यंत्राने काहीच सांगितलं नाही तर जुनीच, एकेक बाइटची रीत. घोटीच्या कॉम्प्युटरवरून पेपरातला पहिला प्रश्न छापून आला तेव्हा सहा वाजून गेले होते. गुरुजींनी प्रिंटरलाच हात जोडले. वायर पुन्हा बदलून शुभांगीने उत्तररंग छापला आणि पानं घेऊन ती धावत सुटली.

मंडपात पूर्वरंग संपून, हार-बुक्का होऊन आख्यान सुरू झालं होतं. कुसाबाई ध्रुपद घोळवत होत्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. लोक टाळ्या वाजवत रंगले होते. शुभांगीला मात्र दिसलं, स्टुलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांची बोटं एकाच जागी थिजली होती.

तिने वाकून हळूच पानं बोटांखाली सरकवली. ठिपके लागले. बोटं तरी हलेनात.

कुसाबाईंनी पेटीच्या सुराआड मान कलती केली.

"घोटीचं यंत्र बोललं का गं?"

"बोललं, मावशी."

तेव्हा कुठे बोटं पुढच्या ओवीवर सरकली.